संकेतस्थळाच्या मेन्यूची चाचणी: सहभागींना द्यायचे टास्क कसे तयार करावेत

संकेतस्थळावर हवी ती गोष्ट लोकांना सापडते की नाही, हे पाहण्यासाठी नॅव्हिगेशनची, म्हणजे मेन्यू आणि लिंकांतून वाट काढण्याची, चाचणी घेतली जाते, आणि तिचे निष्कर्ष बिघडतात ते बहुधा चाचणीच्या दिवसाआधीच, टास्क लिहिताना. ‘मालमत्ता कर विभागात जाऊन नावातील बदलाचा अर्ज शोधा’ असा टास्क दिला की सहभागी मेन्यूत तेच शब्द डोळ्यांनी जुळवतो, त्यावर बोट ठेवतो आणि अर्ध्या मिनिटात मोकळा होतो. अहवालात यशाचे प्रमाण उत्तम दिसते. घरी बसून तेच काम करू पाहणारा नागरिक मात्र शेवटी नागरी सुविधा केंद्राच्या रांगेत उभा राहतो, कारण त्याच्या हातात गरज असते, मेन्यूतील शब्द नसतात.

पुढील टप्पे महानगरपालिकेच्या संकेतस्थळाचे उदाहरण धरून लिहिले आहेत. अशा स्थळावर सेवा पुष्कळ असतात, विभागांची नावे कार्यालयीन असतात आणि येणारा माणूस कोणत्याही वयाचा, कोणत्याही शिक्षणाचा असू शकतो. त्यामुळे टास्कमधील चुका येथे लवकर उघड होतात. बँक, विद्यापीठ किंवा रुग्णालय यांच्या स्थळालाही हाच क्रम लागू पडतो. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये. योग्य उत्तर कोणते हे ठरवण्याआधी टास्क लिहायला घेतला की नंतर उत्तराची व्याख्या टास्कच्या सोयीने ताणली जाते.

१. चाचणीनंतर कोणता निर्णय घ्यायचा आहे ते लिहून काढा

‘संकेतस्थळ वापरायला सोपे आहे का’ हा प्रश्न चाचणीसाठी निरुपयोगी आहे, कारण त्यावरून कोणता टास्क द्यावा हे ठरत नाही. प्रश्न निर्णयाशी बांधलेला असावा: ‘मुख्य मेन्यू विभागांच्या नावांनी ठेवावा की नागरिकांच्या कामांनुसार मांडावा?’, ‘दाखल्यांची पाने आरोग्य विभागाखाली ठेवली तर लोकांना सापडतात का?’, ‘मोबाइलवर तीन आडव्या रेघांच्या चिन्हाआड गेलेला मेन्यू लोक उघडतात का?’ असे तीन-चार प्रश्न एका पानावर लिहा आणि ज्यांना अखेर निर्णय घ्यायचा आहे त्यांच्याकडून ते मान्य करून घ्या. ही मान्यता आधी घेतली नाही, तर निकाल हाती आल्यावर ‘आम्हाला हे विचारायचेच नव्हते’ असे ऐकावे लागते.

याच वेळी चाचणीचा प्रकारही ठरवा. तयार स्थळावर किंवा प्रोटोटाइपवर (स्थळाच्या कच्च्या नमुन्यावर) घेतलेल्या चाचणीत रचना, मजकूर, रंग, मांडणी हे सर्व एकत्र तपासले जाते. ट्री टेस्टमध्ये सहभागीपुढे मेन्यूतील नावांची फक्त उतरंड असते, पाने नसतात. त्यामुळे ‘शुल्क किती ते सांगा’ असा टास्क तेथे देता येत नाही, ‘ही माहिती कोठे मिळेल’ इतकेच विचारता येते. एका प्रकारासाठी लिहिलेले टास्क दुसऱ्यात जसेच्या तसे उचलून टाकू नयेत.

तपासणी: प्रत्येक प्रश्नापुढे ‘उत्तर नकारार्थी आले तर आम्ही अमुक बदल करू’ असे वाक्य पूर्ण करता येते का? येत नसेल तर तो प्रश्न वगळा.

२. मेन्यूची यादी करा आणि त्यातील प्रत्येक शब्द वेगळा काढा

संकेतस्थळाच्या मेन्यूतील सर्व नावे, पातळीनुसार, एका तक्त्यात उतरवा. वरचा मेन्यू, डावीकडची पट्टी, मुखपृष्ठावरील चौकोनी बटणे, पायथ्याच्या लिंका, हे सगळे त्यात आले पाहिजे, कारण लोक यांपैकी कोठूनही आत शिरतात. स्थळ मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असेल तर दोन स्वतंत्र तक्ते करा. दोन्हींची रचना बरेचदा एकसारखी नसते.

आता या तक्त्याशेजारी दुसरा स्तंभ आखा आणि त्यात तीच गोष्ट लोक काय म्हणून ओळखतात ते लिहा. ‘मालमत्ता कर’ किंवा ‘कर आकारणी व कर संकलन’ यापुढे ‘घरपट्टी’ येईल. ‘मलनिःसारण’ यापुढे ‘ड्रेनेज’ आणि ‘गटार’, ‘घनकचरा व्यवस्थापन’ यापुढे ‘कचऱ्याची गाडी’, ‘हस्तांतरण’ यापुढे ‘नाव लावणे’ किंवा ‘नावावर करणे’. दुकानाच्या पाटीसाठी परवानगी हवी असलेल्या माणसाला ‘आकाशचिन्ह’ या शब्दामागे आपले काम आहे हे सहसा कळत नाही. हा दुसरा स्तंभ कार्यालयात बसून कल्पनेने भरू नका. नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर अर्धा दिवस उभे राहून लोक काय विचारतात ते ऐका, तक्रार केंद्रावरील फोनच्या नोंदी वाचा, संकेतस्थळाच्या शोधपेटीत टाइप झालेले शब्द मागवून घ्या. टास्क लिहिताना याच स्तंभातील शब्द कामाला येतात, म्हणून या तक्त्यावर घालवलेला वेळ पुढे पुरेपूर वसूल होतो.

सावधान: चाचणी संपेपर्यंत मेन्यू बदलणार नाही अशी लेखी हमी स्थळ सांभाळणाऱ्यांकडून घ्या. पहिल्या सहभागीने पाहिलेला मेन्यू आणि सहाव्याने पाहिलेला मेन्यू वेगळा असेल, तर त्यांच्या नोंदी एकत्र करता येत नाहीत.

३. कोणत्या कामांची चाचणी घ्यायची ते निवडा

एका बैठकीत सहा ते आठ टास्क पुरेसे होतात. एक तासाच्या बैठकीतील ओळख, संमती आणि शेवटचे प्रश्न वजा केले तर हातात सुमारे चाळीस मिनिटे उरतात. त्यात याहून अधिक टास्क कोंबले की शेवटच्या दोन टास्कचे निकाल थकव्याचे असतात, मेन्यूचे नसतात.

निवडीत तीन प्रकारची कामे यावीत. पहिली, ज्यांसाठी सर्वाधिक लोक येतात अशी: घरपट्टी भरणे, जन्माचा दाखला, पाण्याची तक्रार. दुसरी, क्वचित लागणारी पण चुकली तर मोठा त्रास देणारी. तिसरी, ज्यांबद्दल आपल्या चमूतच मतभेद आहेत, म्हणजे ते पान कोणत्या विभागाखाली असावे यावर बैठकीत वाद झालेला आहे. सोपी कामे निवडून आकडे सजवण्याचा मोह होतो, आणि नेमकी वादाची कामेच मग मागे राहतात.

संकेतस्थळाच्या एकाच कोपऱ्यात जाणारे दोन टास्क ठेवू नका. पहिला टास्क करताना सहभागी तो कोपरा पाहून घेतो आणि दुसरा त्याला आयता सापडतो. मुख्य मेन्यूच्या निदान चार वेगवेगळ्या शाखांत टास्क पसरलेले असावेत.

जे काम या संकेतस्थळावर होतच नाही, असा एखादा टास्कही जरूर असावा. सातबारा उतारा महसूल विभागाचा असतो आणि तो महाभूलेखवर मिळतो, तरी जमिनीचे काम म्हणून महानगरपालिकेच्या स्थळावर तो शोधणारे लोक असतात. ते किती वेळ भटकतात, त्यांना ‘हे येथे नाही’ असे कोठे कळते, बाहेरच्या योग्य स्थळाची लिंक सापडते का, हे समजणे मोलाचे आहे. असा टास्क एकच ठेवा आणि पहिला ठेवू नका. सुरुवातीलाच तो आला तर पुढच्या प्रत्येक टास्कमध्ये सहभागीला फसवणुकीचा संशय येतो.

४. योग्य उत्तर आणि मान्य वाटा आधी निश्चित करा

प्रत्येक निवडलेल्या कामासाठी, टास्कचे एकही वाक्य लिहिण्यापूर्वी, चार गोष्टी कागदावर याव्यात: सहभागी कोणत्या पानावर पोहोचला म्हणजे यश, त्या पानावरील कोणती माहिती त्याने सांगितली पाहिजे, तेथे जाण्याच्या मान्य वाटा कोणत्या, आणि सर्वांत जवळच्या वाटेवर मुखपृष्ठासह किती पाने लागतात.

शेवटच्या आकड्याचा उपयोग पुढे होतो. संशोधक पॉलिन स्मिथ यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या भटकंतीच्या मापात (सहभागी किती वाट चुकला हे सांगणाऱ्या आकड्यात) तीन संख्या लागतात: किमान आवश्यक पाने, पाहिलेली वेगवेगळी पाने आणि पुनरावृत्ती धरून पाहिलेली एकूण पाने. वेगवेगळ्या पानांना एकूण पानांनी भागून त्यातून एक वजा करावा आणि उत्तराचा वर्ग करावा. किमान पानांना वेगवेगळ्या पानांनी भागून तसेच करावे. दोन्ही वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे हे माप. किमान ३, वेगवेगळी ५ आणि एकूण ८ पाने असतील तर उत्तर सुमारे ०.५५ येते. स्मिथ यांच्या निकषाप्रमाणे ०.४ पेक्षा कमी असल्यास माणूस वाट चुकलेला नसतो आणि ०.५ पेक्षा जास्त असल्यास चुकलेला असतो. किमान पानांची संख्या चाचणीनंतर मोजायला बसलात तर सहभागींनी घेतलेल्या वाटांचा तिच्यावर नकळत परिणाम होतो, म्हणून ती आत्ताच नोंदवा.

मान्य वाटा शोधताना प्रत्यक्ष स्थळावर फिरून पाहा. मुखपृष्ठावरील बटण, ‘ऑनलाइन सेवा’ ही यादी आणि विभागाचे पान, अशा तिन्हींतून एकाच अर्जापर्यंत जाता येते असे बऱ्याच वेळा आढळते. तिन्ही वाटा मान्य असतील तर तसे लिहा. एखाद्या वाटेने जुने, कालबाह्य पान उघडत असेल तर तेथे पोहोचलेल्या सहभागीला यशस्वी धरायचे की नाही, याचा निर्णयही आत्ताच करा.

तपासणी: हा कागद चमूबाहेरच्या एका व्यक्तीला द्या. केवळ त्याच्या आधारे ती व्यक्ती दुसऱ्याच्या प्रयत्नाला ‘यश’ किंवा ‘अपयश’ असा शेरा देऊ शकली पाहिजे. तिला तुम्हाला विचारावे लागले, तर निकष अजून मोघम आहेत.

५. टास्क लिहा

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. चांगल्या टास्कमध्ये तीन गोष्टी असतात: माणसाची परिस्थिती, त्याला हवे असलेले फळ, आणि काम संपले हे ओळखण्याची खूण. वाट त्यात नसते. सुरुवातीच्या घरपट्टीच्या टास्कचे रूप असे होईल:

‘तुम्ही गेल्या महिन्यात एक जुना फ्लॅट विकत घेतला आहे. घरपट्टी अजून आधीच्या मालकाच्याच नावाने येते. ती तुमच्या नावाने यावी यासाठी कोणते कागद द्यावे लागतील ते शोधा आणि आम्हाला त्या पानावरून वाचून दाखवा.’

मेन्यूत ‘मालमत्ता कर’ आणि ‘हस्तांतरण’ हे शब्द असतील, तर वरील टास्कमध्ये त्यांपैकी एकही आलेला नाही. तरीही वाचणाऱ्याला काय हवे आहे याबद्दल शंका राहत नाही. मेन्यूत लोकांच्या तोंडचाच शब्द असेल तेव्हा अडचण वाढते. मेन्यूत ‘पाणीपट्टी’ असे नाव आहे आणि तपासायची आहे ती बिलाबाबतची तक्रार. अशा वेळी शब्द बदलण्याची कसरत न करता प्रसंगच सांगावा: ‘दोन महिने तुम्ही कुटुंबासह गावी होता. परत आल्यावर नळाच्या पाण्याचे बिल नेहमीपेक्षा बरेच जास्त आलेले दिसले. याबाबत कोठे दाद मागता येईल ते शोधा.’ कोणी बोलत नाही असा प्रतिशब्द केवळ मेन्यूतील शब्द टाळण्यासाठी घडवू नका. त्यामुळे सहभागी टास्क समजून घेण्यातच अडकतो आणि त्या गोंधळाचा दोष मेन्यूच्या खात्यावर लागतो.

खूण ठरवताना ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येते तो प्रश्न एकट्याने वापरू नये, कारण अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर येतात. उदाहरणार्थ, जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवाय झाली असेल तर नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क लावता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून लावता येते. यावरील टास्क असा लिहिता येईल:

‘तुमच्या भाचीचा जन्म याच शहरातील रुग्णालयात आठ महिन्यांपूर्वी झाला. तिच्या जन्माच्या कागदावर नावाची जागा कोरी आहे. पैसे न भरता ते नाव लिहून घ्यायचे असेल तर आणखी किती दिवस हातात आहेत, हे ज्या पानावरून कळते ते पान आम्हाला दाखवा.’

येथे नुसते उत्तर न विचारता पान दाखवायला सांगितले आहे, आणि ते मुद्दाम सांगितले आहे. एखाद्या सहभागीला नियम आधीपासून ठाऊक असतो. नुसते उत्तर विचारले तर तो मेन्यूला हातही न लावता बरोबर उत्तर देईल आणि त्याची नोंद यश म्हणून होईल.

काही चुका इतक्या वारंवार दिसतात की त्या एकेक पाहून घ्याव्यात.

‘तुम्ही काय कराल?’ असे विचारले की सहभागी बोलू लागतो, करत नाही. क्रियापद कृतीचे ठेवा: शोधा, दाखवा, वाचून सांगा. ‘क्लिक करा’, ‘मेन्यू उघडा’, ‘पुढच्या पानावर जा’ ही क्रियापदे वाट दाखवतात, म्हणून ती टास्कमध्ये नकोत.

एका टास्कमध्ये दोन कामे नसावीत. ‘रस्त्यावरच्या बंद दिव्याची तक्रार करा आणि जुन्या तक्रारीची स्थिती पाहा’ यात पहिले जमले आणि दुसरे फसले, तर यश किती धरायचे यावर चमूत वाद होतो.

गोष्ट लांबवू नका. काल्पनिक नाव, नोकरी, मुलांची शाळा असा तपशील दिला की सहभागी त्यातील काय महत्त्वाचे आहे हे शोधत बसतो. तीन वाक्यांत मावत नसलेला टास्क बहुधा दोन टास्कचा असतो.

‘फक्त’, ‘सहज’, ‘लगेच’ हे शब्द काढून टाका. काम सोपे आहे असे सुचवल्यावर ते न जमलेला माणूस ओशाळतो आणि पुढच्या टास्कमध्ये मोकळेपणाने चुकत नाही.

मृत्यूचा दाखला हे महत्त्वाचे काम आहे आणि त्याची चाचणी घ्यावीच लागते. पण ‘तुमच्या वडिलांचे निधन झाले आहे’ असे वाक्य कोणाच्याही हाती देऊ नये. ते अभद्र वाटते, आणि समोरच्या माणसाच्या घरात अलीकडेच असे काही घडलेले असू शकते. ‘शेजारच्या काकूंना त्यांच्या दिवंगत नातेवाइकाचा दाखला काढून द्यायला तुम्ही मदत करत आहात’ असे लिहिल्यास काम तेच राहते. तरीही याला पर्यायी टास्क तयार ठेवा आणि सहभागीने नको म्हटले तर कारण न विचारता बदला.

भाषा एकच ठेवा. स्थळाचे मराठी रूप तपासत असाल तर टास्क मराठीत असावेत. सहभागी इंग्रजी रूप वापरणारा असेल तर त्याचे टास्क इंग्रजीत स्वतंत्रपणे लिहावेत आणि त्यांतील शब्द इंग्रजी मेन्यूच्या तक्त्याशी पुन्हा ताडून पाहावेत. मराठी टास्कचे सरळ भाषांतर केले की इंग्रजी मेन्यूतील नेमके नाव त्यात येऊन बसण्याचा धोका मोठा असतो. परदेशात राहून येथील फ्लॅटची घरपट्टी भरणाऱ्या मराठी माणसांना चाचणीत घेत असाल तर ही बाब विशेष लक्षात ठेवा, कारण त्यांच्यातील कोण कोणती भाषा निवडेल हे गृहीत धरता येत नाही.

तपासणी: प्रत्येक टास्कमधील नामे आणि क्रियापदे अधोरेखित करा आणि दुसऱ्या टप्प्यातील तक्त्याच्या पहिल्या स्तंभात ती सापडतात का ते पाहा. सापडलेला प्रत्येक शब्द बदला किंवा तो का ठेवला याचे कारण लिहा.

६. चाचणीसाठी लागणारी माहिती आणि उपकरणे तयार ठेवा

मालमत्ता क्रमांक, अर्जाचा क्रमांक, नळजोडणीचा ग्राहक क्रमांक अशा गोष्टी विचारणारे पान आले की चाचणी तेथेच थांबते. त्यासाठी नमुन्याचे क्रमांक आधी मागवून ते चालतात याची खात्री करा, आणि टास्कच्या चिठ्ठीवरच छापा. सहभागीचा स्वतःचा क्रमांक वापरू नका. त्याचे नाव, पत्ता आणि थकबाकी स्क्रीनच्या रेकॉर्डिंगमध्ये येते आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेता ती माहिती विनाकारण जवळ बाळगणे योग्य नाही. ओटीपी लागणारी पाने असतील तर त्या आधीच्या पानावर टास्क संपेल असा लिहा, किंवा चाचणीसाठी वेगळा फोन ठेवा. प्रत्यक्ष पैसे भरले जातील किंवा खरी तक्रार नोंदवली जाईल अशा पायरीपर्यंत कोणताही टास्क जाऊ नये.

लोक जे उपकरण एरवी वापरतात त्यावरच चाचणी घ्यावी. घरी मोबाइल वापरणाऱ्याला लॅपटॉपवर बसवले तर उघडा, आडवा मेन्यू समोर दिसतो आणि मेन्यू लपलेला असण्याची अडचण निकालात येतच नाही.

प्रत्येक टास्क वेगळ्या चिठ्ठीवर, ठसठशीत अक्षरात छापावा. ऑनलाइन बैठक असेल तर एकेक टास्क चॅटमध्ये पाठवावा. सर्व टास्क एकदम दिले की सहभागी एक शोधताना दुसऱ्याची जागा हेरून ठेवतो.

७. क्रम, सुरुवातीचे पान आणि शोधपेटी यांचे नियम ठरवा

पहिला टास्क सोपा आणि न मोजायचा असावा. सहभागीला पद्धत कळते आणि भीड चेपते. त्यानंतरच्या टास्कचा क्रम प्रत्येक सहभागीसाठी बदला. सहा टास्क असतील तर सहा क्रम असे आखता येतात की प्रत्येक टास्क प्रत्येक स्थानी एकदाच येईल. सर्वांना एकाच क्रमाने टास्क दिले, तर शेवटचा टास्क सोपा होता की तोपर्यंत मेन्यू पाठ झाला होता, हे कधीच सांगता येणार नाही. याच कारणाने एका टास्कचे उत्तर दुसऱ्यासाठी लागेल अशी साखळी टाळावी.

प्रत्येक टास्क मुखपृष्ठापासून सुरू करा. त्याआधी खासगी विंडो नव्याने उघडा, म्हणजे भेट दिलेल्या लिंकांचा बदललेला रंग आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेले पत्ते पुसले जातात.

शोधपेटीबद्दलचा नियम बरेच जण विसरतात. मेन्यूची चाचणी घ्यायची असेल तर ‘शोधपेटी आणि गूगल यांचा वापर न करता’ ही सूचना सुरुवातीला एकदा स्पष्ट द्या; प्रत्येक टास्कमध्ये ती पुन्हा लिहू नका. लोक एरवी गूगलवरूनच येतात हे खरे आहे, पण तेथून आतल्या पानावर उतरल्यानंतरही त्यांना पुढची वाट मेन्यूतूनच काढावी लागते. एखादा सहभागी सवयीने शोधपेटीकडे वळला तर त्याला थांबवण्याआधी ती वेळ टिपून ठेवा. मेन्यूवरचा विश्वास कोठे संपला, हे त्यावरून कळते.

८. वेळ, मदत आणि शेवट यांचे नियम लिहून ठेवा

टास्क संपला हे सहभागीने सांगायचे असते. ‘मिळाले असे वाटले की सांगा, किंवा एरवी जेथे सोडून दिले असते तेथे सांगा’ हे वाक्य सुरुवातीच्या सूचनेत घाला. योग्य पान उघडताच चाचणी घेणाऱ्याने मान हलवली किंवा नोंदवही बंद केली, तरी उत्तर फुटते.

प्रत्येक टास्कला पाच मिनिटांची मर्यादा पुरेशी असते, मात्र ती सहभागीला सांगू नये. मदतीच्या पायऱ्या आधीच ठरवा: प्रथम टास्क पुन्हा वाचायला सांगणे, मग ‘आणखी कोठे पाहावेसे वाटते?’ असे विचारणे, आणि त्यानंतर थांबवणे. दुसऱ्या पायरीनंतर मिळालेले यश ‘मदतीने’ या वेगळ्या रकान्यात जाते, निर्भेळ यशात मिसळत नाही. सहभागीने सोडून दिले तर एकच प्रश्न विचारा: आता प्रत्यक्षात पुढे काय केले असते? प्रभाग कार्यालयात फेरी, ओळखीच्या माणसाला फोन, एजंट, यांपैकी जे उत्तर येईल ते नोंदवा. मेन्यू चुकण्याची किंमत कार्यालयाला त्यातून समजते.

काम करताना मोठ्याने विचार सांगायला लावणार असाल तर वेळेच्या मोजणीवर निष्कर्ष काढू नका. बोलण्याने काहींचा वेग मंदावतो, तर काही जण अधिक काळजीपूर्वक वाचतात. ‘हे तुम्हाला कोठे असेल असे वाटले होते?’ हा प्रश्न टास्क संपल्यावरच विचारा. मध्येच विचारला तर तो इशारा ठरतो. प्रत्येक टास्कनंतर, चर्चा सुरू होण्याआधी, हे काम किती सोपे किंवा अवघड गेले याला एक ते सात या मापावर गुण मागा.

सावधान: पहिल्या क्लिकची नोंद न चुकता करा. बॉब बेली आणि कॅरी वुल्फसन या संशोधकांच्या अभ्यासात पहिली क्लिक योग्य जागी पडलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी काम पूर्ण केले, तर ती चुकलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांनी. मुख्य मेन्यूतील कोणते नाव लोकांना चुकीच्या दिशेने नेते, हे याच नोंदीतून सर्वांत लवकर दिसते.

९. पायलट घ्या, दुरुस्त करा आणि टास्क गोठवा

पायलट म्हणजे मुख्य चाचणीआधीची रंगीत तालीम: निदान दोन व्यक्तींवर संपूर्ण बैठक पार पाडून पाहा. त्या व्यक्ती चमूतील किंवा कार्यालयातील नसाव्यात. कर्मचाऱ्याला आकाशचिन्ह विभाग कोणत्या मजल्यावर आहे हेही ठाऊक असते. पायलटमध्ये मेन्यूकडे नव्हे, टास्ककडे लक्ष द्या. सहभागीने टास्क स्वतःच्या शब्दांत सांगितला तर अर्थ तोच राहतो का? कोणत्या शब्दापाशी तो थांबला? वाचून होताच, मेन्यू न चाळता, थेट एका नावावर त्याचे बोट गेले का? गेले असेल तर टास्कमधून शब्द फुटलेला आहे. उलट त्याने तुम्ही न लिहिलेली, पण बिनचूक अशी वाट शोधली, तर ती मान्य वाटांत घाला.

दुरुस्तीनंतर पायलटच्या नोंदी बाजूला काढा आणि त्या मुख्य निकालात मिसळू नका. पुढे टास्कमधील एकही शब्द बदलायचा नाही. तिसऱ्या सहभागीच्या वेळी एखादा टास्क सदोष निघाला, तर तो सर्वांच्या निकालांतून वगळणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

१०. सहभागींची संख्या आणि आकडे यांचा मेळ घाला

याकोब निल्सन आणि टॉमस लँडाउअर या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक सहभागी सरासरी ३१ टक्के दोष उघड करतो, आणि त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. हा हिशेब दोष शोधण्याचा आहे, यशाचे प्रमाण मोजण्याचा नाही, आणि पाचही जणांनी तेच टास्क केले असतील तरच तो लागू होतो. पाचपैकी चार जण यशस्वी झाले म्हणून ‘८० टक्के यश’ असे अहवालात लिहिणे दिशाभूल करणारे आहे. सुधारित वाल्ड पद्धतीने (छोट्या नमुन्यासाठीच्या संख्याशास्त्रीय सूत्राने) ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर खरे प्रमाण ३६ ते ९८ टक्के यांच्यामध्ये कोठेही असू शकते. अशा अहवालात ‘५ पैकी ४’ असेच लिहावे. टक्केवारीच हवी असेल तर ट्री टेस्ट घ्यावी आणि पन्नासच्या आसपास लोक बोलवावेत.

ज्येष्ठ नागरिक, भाडेकरू, दुकानदार असे वेगळे गट तपासायचे असतील तर प्रत्येक गटातून वेगळे पाच जण लागतात, आणि दुकानदाराचा टास्क भाडेकरूला देऊन उपयोग नसतो. ज्याला ती गरज कधी पडणारच नाही, तो दोन चुकीच्या पानांनंतर सोडून देतो किंवा केवळ तुम्हाला बरे वाटावे म्हणून ताणून धरतो.

११. मेन्यू बदलल्यानंतर तेच टास्क पुन्हा द्या

नव्या मेन्यूची तुलना जुन्याशी करायची असेल तर टास्क तेच, नियम तेच आणि माणसे नवी असावीत. मात्र त्याआधी एक तपासणी पुन्हा करावी लागते, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. पहिल्या चाचणीवरून शहाणे होऊन तुम्ही ‘मालमत्ता कर’ऐवजी ‘घरपट्टी’ असे नाव मेन्यूत घातले असेल, तर तुमच्या टास्कमधील ‘घरपट्टी’ हा शब्द आता थेट उत्तर झालेला आहे. नव्या मेन्यूचा तक्ता पाचव्या टप्प्यातील अधोरेखित शब्दांशी ताडून पाहा, आणि जेथे शब्द फुटतो आहे तेथे प्रसंग सांगून तो टास्क नव्याने लिहा. उदाहरणार्थ: ‘घर घेऊन वर्ष झाले, तरी महानगरपालिकेकडून दर सहामाहीला येणाऱ्या बिलावर आधीच्या मालकाचेच नाव आहे.’ असा बदललेला टास्क जुन्या निकालाशी ताडून पाहता येत नाही, म्हणून अहवालाच्या तक्त्यात त्याच्यापुढे तशी नोंद करा, किंवा जुना मेन्यू अजून हाताशी असेल तर बदललेला टास्क त्यावरही नव्या सहभागींकडून करून घ्या.